बोडकी सनई

"तसं नव्हे भिकाजी, तुझ्या वाजवण्याला कोण नावं ठेवतंय?" बापू मानकरी ओटीवरच्या बाकावर मांडी घालून बसले होते. "पण वर्ष उलटलं आता. त्रिपुरीला पंचक्रोशी जमते. बोडकी सनई भैरीपुढं बरी दिसत नाय."

त्याच वेळी मी चहा घेऊन माजघराच्या दारात आले. बापूंनी मला पाहिलं आणि जीभ चावली. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान खाली घातली. आत आई नारळ खवत होत्या, तो आवाज बंद पडला.

मी कप ठेवले. बशीत चहा सांडला नाही.

शब्दात बापूंची चूक काही नव्हती. सनई एकटी वाजत नाही. तिच्या मागे दुसरी सनई असते. तिची भोकं मेणानं बुजवलेली असतात आणि ती वाजवणारा एकच स्वर अखंड धरून बसतो. त्या स्वराला सूर म्हणतात आणि त्या सनईलाही सूरच. पुढच्याने श्वासासाठी थांबलं तरी चालतं, मागच्याने थांबायचं नसतं. मागे सूर नसला की वाजवणारे लोक त्या सनईला बोडकी म्हणतात. भैरीच्या देवळात पिढ्यानपिढ्या वाजवत आलेल्या या घरात तो शब्द किती वेळा उच्चारला गेला असेल. आदल्या वर्षी आश्विनात माझा नवरा काविळीने गेला, तेव्हापासून तो कुणी उच्चारला नव्हता, एवढंच. सूर यशवंत धरायचा.

"चिपळुणात एक पेटी मिळते," बापू घाईघाईने म्हणाले. "विजेवर चालते. बटण दाबलं का सूर चालू. तिला दम लागत नाय, तंबाखू लागत नाय." ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही म्हणून थांबले.

"म्हंजे मी पेटीम्होरं वाजवायचं," बाबा म्हणाले.

"मागं ठेवू की ती. कुणाला दिसणार नाय."

बाबांनी चहा संपवला, कप पालथा घातला. "त्रिपुरीला वाजवीन. तुमची पेटी असूंदे मागं. दीपमाळ लागली का सनई भैरीच्या पायरीवर ठेवीन. म्होरचं तुमचं तुमी बगा."

"अरे, असं काय बोलतोस?"

"बोललो ते बोललो."

देवाच्या पायरीवर ठेवलेली सनई परत उचलत नाहीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बापू गेल्यावर आईंनी सांगितलं, आणि मग त्यांनी फडताळातून एक लाल फडकं काढून धुवायला घेतलं. पायरीवर ठेवताना सनई त्यात गुंडाळायची असते. दोरीवर वाळत घातलेल्या त्या फडक्याला मी हात लावणार, तेवढ्यात त्या ओरडल्या, "हात नको लावूस! देवाचं हाय. उष्टं-खरकटं लागलं तर फुकट जायचं."

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवत असे. संगीत मला कळत नव्हतं, अजूनही फारसं कळत नाही. पण बाबा रोज सकाळी देवळात वाजवून यायचे आणि वर्षभर मी ते घरातून ऐकत होते. ते दोन ओळींच्या मध्ये थांबायचे. पूर्वी त्या जागेत यशवंतचा सूर असायचा. आता तिथे काही नसायचं, तरी ते तेवढंच थांबायचे. एकदा काहीतरी द्यायला मी वर नगारखान्यात गेले, तर ते सतरंजीच्या एका कडेला बसून वाजवत होते. डाव्या खांद्यामागची जागा मोकळी होती.

त्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांना म्हटलं, "बाबा, सूर मी धरते."

ते अंगणात पाय धूत होते. तांब्या तसाच हातात राहिला. "तू?"

"हो."

"सूर धराया छाती लागते."

"ती सगळ्यांनाच असते."

"बायका सूर धरत नायत."

"कुठे लिहिलंय असं?"

"आमच्यात लिवलेलं कायच नाय," बाबा म्हणाले. "म्हनून तर मोडता येत नाय."

मी म्हटलं, "निदान कसं करतात ते सांगा."

"सांगायचं काय त्यात? गालात हवा ठेवायची. नाकान वडायची, गालान ढकलायची. आनि दम धरायचा." त्यांनी उरलेलं पाणी पायावर ओतलं. "यशा माज्या मांडीवर शिकला. असा उभ्या उभ्या सांगून येत नाय तो."

दम धर. वर्षभर मला भेटणारं प्रत्येक माणूस हेच सांगत होतं.

मी सुरुवात पाण्यापासून केली. ज्या गोष्टीचं आपल्याला काही कळत नाही, तिचे तुकडे करावेत, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. सूर धरणं म्हणजे दोन कामं: गालांनी हवा बाहेर ढकलणं आणि त्याच वेळी नाकाने आत घेणं. परसात पपई होती. तिच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो कापून मी पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि फुंकू लागले. बुडबुडे चालू राहिले पाहिजेत. ते थांबले की मी चुकले, इतकं सोपं मोजमाप.

पहिले काही दिवस मी फक्त चुकत होते. नाकाने श्वास घेतला की गाल ढिले पडायचे. गाल आवळले की नाक बंद व्हायचं. एकदा पाणी उलटं नाकात चढलं आणि मी खोकत बसले. आई मागच्या दारात उभ्या होत्या.

"काय गो, कृष्णाचा अवतार घेतलास काय? दुधात बुडबुडे काढायचा?"

"पाणी आहे, आई."

"मंग पेल्यातलं प्यायचं सोडून फुकतेस कशापायी?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पपईच्या झाडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळे देठ कापू नको. पपया धरायच्यात."

मग मी तोंडात पाणी धरून पाहिलं. गालांनी बारीक धार सोडायची आणि ती चालू असताना नाकाने श्वास घ्यायचा. पाणी गालात आहे हे जाणवतं, हवा जाणवत नाही. तुळशीजवळ उभी राहून मी पिचकारी मारायचे आणि आई तिकडून म्हणायच्या, "तुळशीला उष्टं पानी घालू नको, पापीन!" म्हणून मी गोठ्याच्या कडेला जाऊ लागले. तिथे एका संध्याकाळी धार चालू असताना मी श्वास घेतला आणि धार तुटली नाही. पुन्हा केलं. पुन्हा तुटली नाही. म्हैस माझ्याकडे बघत होती. दिवाळीच्या फराळाला चकल्या पाडायला बसलो तेव्हा मी आईंना पेल्यात फुंकून दाखवलं. त्यांची चकली पाडून संपली तरी बुडबुडे चालू होते.

आई तेलकट हात पदराला पुसत उठल्या. आतल्या खोलीत त्यांनी यशवंतची ट्रंक उघडली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला सूर आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"आता पाण्यात कशाला? ह्यात फुक."

गाठ सोडली तेव्हा आत सुरासोबत एक लहानशी बाटली निघाली. नाकात घालायच्या थेंबांची. तिचं बूच उघडलेलंही नव्हतं.

"ही तुजी ना गो?" आई म्हणाल्या.

माझीच होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी यशवंतची एक सवय मला फार खटकायची. पेपर वाचताना, दाढी करताना, जेवता जेवता तो मधूनच नाकातून आवाज काढायचा. फुस्. शिंक नाही, सुस्कारा नाही, नुसतं फुस्. मी वाफारा दिला, रत्नागिरीहून थेंब आणले. "अगं, बाबांनापण आहे," तो म्हणायचा. "घरातलंच आहे ते." मी म्हणायचे, "सर्दी काही वारशाने येत नाही." मग तो मुद्दाम माझ्या कानाशी येऊन करायचा.

बाटली मी परत फडक्यात बांधली.

सुरात फुंकणं आणि पाण्यात फुंकणं यात फार फरक आहे. पपईच्या देठातून हवा सहज जाते. सनईच्या तोंडाशी दोन पात्यांची पत्ती असते आणि तिच्यातली फट केसाएवढी. जोर पुष्कळ लागतो, हवा मात्र थोडीच जाते. पहिल्यांदा काही वाजलंच नाही. मग बदकासारखं काहीतरी वाजलं आणि आई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग सूर लागला. दिवाळीचे दिवस मी गोठ्यात काढले. ओठ सुजले, कानांमागे दुखायचं. पण नाक आणि गाल आता एकमेकांना ओळखू लागले होते. तरी थोडा वेळ गेला की छाती फुटायला यायची, डोळ्यांपुढे काळं व्हायचं आणि सूर तुटायचा. मला वाटायचं, श्वास कमी पडतोय. म्हणून मी अधिक खोल श्वास घ्यायचे. अधिक लवकर तुटायचा.

पाडव्याच्या दिवशी मी बाबांसमोर सूर घेऊन बसले. वाट बघायला वेळ नव्हता, त्रिपुरी तोंडावर आली होती.

बाबांनी आधी माझ्याकडे नाही, सुराकडे पाहिलं. "ह्यो यशाचा हाय. ट्रंकेतनं कुनी काडला?"

"मी काडला," आई म्हणाल्या. "काय करनार? मारनार?"

मी पत्ती भिजवली आणि सूर लावला. पहिला श्वास गेला, दुसरा गेला, पुढचे गेले. बाबांची मान किंचित वर आली. मग छातीत ते ओळखीचं ओझं भरू लागलं. मी जोर करून आणखी हवा आत ओढली. ओझं वाढलं. कानात घुमू लागलं, सूर थरथरला आणि तुटला. मी धापा टाकत ओणवी झाले.

बाबांनी माझ्या हातातून सूर घेतला, पत्ती पुसली आणि तो आपल्या मांडीवर आडवा ठेवला. "तुजी चूक नाय, पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दीपमाळेचा पयला दिवा लागतो तवा सूर चालू व्हतो, शेवटला लागेस्तोवर पडायचा नाय. मधीच पडला तर लोक वर बगतात. मी सांगितलं तुला. दम लागतो. तो तुज्यात नाय." ते उठले. "पेटी काय वाईट. तिला दमच नको."

ते गेल्यावर आईंनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "रडतेस काय गो?"

"नाही. विचार करतेय."

"त्येच्यापरीस रडली असतीस तर बरं," आई म्हणाल्या. त्यांनी सूर फडक्यात बांधला आणि ट्रंकेत न ठेवता माझ्या शाळेच्या पिशवीत घातला.

सुट्टी संपून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि काचेचं कपाट. आठवीच्या वर्गासाठी चुन्याची निवळी करून ठेवायची होती. चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी हलक्या हाताने ओतून घ्यायचं. मुलं त्यात नळीने फुंकतात. उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड मिसळला की ती दुधासारखी होते. हा प्रयोग मी दर वर्षी करून घेत असे. मुलांना तो आवडायचा, कारण त्यात फुंकायचं असतं.

निवळी गाळून चंचुपात्रांत भरली. मग दार लावून घेतलं आणि सूर काढला.

तेच झालं. ओझं, घुमणं, काळोखी. सूर तुटला. नेहमी मी इथे तोंड उघडून हवा आत ओढत असे. त्या दिवशी ओढली नाही. का ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पाडव्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती, ती अशी: पत्तीतून इतकी थोडी हवा जाते, मग माझी छाती रिकामी होतेच कशी? समोर नळी होती, निवळी होती. गुदमरलेली असतानाच मी नळी तोंडात धरली आणि छातीत जे काही होतं ते सगळं त्यात फुंकलं.

बुडबुडे थांबेनात. येतच राहिले. कितीतरी हवा होती आत. आणि पाणी बघता बघता पांढरं झालं.

शेजारच्या पात्रात मी साधा श्वास घेऊन लगेच फुंकून पाहिलं. तेही पांढरं झालं, पण सावकाश, थोडं थोडं.

दोन्ही पात्रं मी खिडकीत शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. माझा दम संपत होता, हवा संपत नव्हती. वापरलेली हवा छातीत कोंडून मी तिच्यावर आणखी आणखी हवा रचत होते. श्वास घ्यायची गरजच नव्हती. आधी सोडायची गरज होती. गालांनी पत्ती धरून ठेवायची आणि तेवढ्या क्षणात नाकाने जुनी हवा बाहेर टाकायची, झटक्यात, एकदम. मग नवी आपोआप येईल.

मी पुन्हा सूर लावला. छाती जड होईपर्यंत वाट पाहिली. मग गाल आवळले आणि नाकाने हवा बाहेर फेकली.

फुस्.

सूर तुटला नाही. मीच तो थांबवला.

मी मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. खोलीत कुणी नव्हतं. कपाटाच्या काचेत मी होते, हातात सूर धरलेली.

मी पुन्हा लावला. पुन्हा ते केलं. तोच आवाज, तेवढाच, तसाच. पेपर वाचताना, दाढी करताना, माझ्या कानाशी.

शिपाई खोल्या बंद करायला आला तेव्हा त्याने विचारलं, "बाई, डोळ्यांत चुना गेला काय?"

"हो," मी म्हटलं.

घरी परतताना चढ लागतो. एरवी मी तो न थांबता चढते. त्या दिवशी मध्यावर आई भेटल्या, डोक्यावर गवताचा भारा. भारा बांधावर टेकवून म्हणाल्या, "ये. जरा दम टाकूया." आम्ही दोघी तिथे बसलो.

त्रिपुरीच्या संध्याकाळी बाबा लवकर निघाले. एका हातात सनई, दुसऱ्या हातात घडी केलेलं लाल फडकं. आईंनी ते त्यांना दुरूनच दिलं होतं. मी आधी सूर पिशवीत घातला, मग पदर खोचला. आई म्हणाल्या, "जा. मी खालनं ऐकते."

नगारखाना देवळाच्या दारावर आहे. लाकडी शिडीने वर जावं लागतं. मी वर पोचले तेव्हा ढोलवाला गणू ढोलाची दोरी ताणत होता आणि बापू मानकरी हातात वायर घेऊन पेटीशी खटपट करत होते. बाबा देवाकडे तोंड करून बसले होते. पुढ्यात फडक्याची घडी. डावीकडे मागे पेटी.

"मास्तरीणबाई?" बापू म्हणाले. "तुमी वर कशाला?"

"सूर धरायला."

"पेटी हाय ना."

"ती ठेवा बाजूला."

बापूंनी खाली अंगणाकडे नजर टाकली. लोक जमत होते. त्यांनी आवाज उतरवला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. मंगल काम हाय. लोक बोलतील. तुमचं म्हंजे..."

"देवापुढे बोडकी सनई नको, असं तुम्हीच म्हणालात ना, बापू?" माझा आवाज वर्गात असतो तसाच होता. "बोडकी मी आहे. सनई असायचं कारण नाही."

गणूचा हात दोरीवर थांबला. बापूंनी बाबांकडे पाहिलं. बाबांची पाठ आमच्याकडे होती आणि ती हलली नाही. खाली कुणीतरी दीपमाळेला शिडी टेकवल्याचा आवाज आला.

मग बाबा मागे न वळता म्हणाले, "पत्ती भिजवलीस?"

"हो."

"बस मंग. थितं नव्हं. डाव्या अंगाला."

बापूंना पेटी उचलावी लागली. ती ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते ती पोटाशी धरून कोपऱ्यात उभे राहिले. वायर त्यांच्या हातातून लोंबत होती.

"हात टेकला का सोडायचा," बाबा म्हणाले. "त्येच्याआदी नाय." ही त्या घरातली रीत. पुढची सनई आधी थांबते. मग वाजवणारा तळहात जमिनीला टेकवतो, तेव्हा सुराने थांबायचं. तोवर धरून बसायचं.

खाली पहिला दिवा लागला. मी सूर लावला.

बाबांनी सुरुवात केली, पण ती मी वर्षभर ऐकत होते तशीच. लहान लहान तुकडे. मोडका साकव ओलांडताना माणूस पाय टाकून बघतो तसे. प्रत्येक तुकडा अशा जागी संपवायचे की माझा सूर त्या क्षणी पडला असता तरी लोकांना वाटलं असतं, वाजवणाराच थांबला. ते मला सांभाळून घेत होते. माझ्या पडण्याची तयारी करत होते.

श्वास गेले. दीपमाळेचा खालचा वेढा पूर्ण झाला, माणूस शिडीवर आणखी वर चढला. तूप आणि जळत्या वातींचा वास वर येऊ लागला. मग छातीत ओझं जमू लागलं. पाडव्याला जिथे तुटला होता ती जागा जवळ आली, आणि बाबांनाही ती कळली असावी, कारण त्यांनी ओळ अर्ध्यावर आखडती घेतली.

मी गाल आवळले.

फुस्.

बाबांची बोटं थांबली.

ओळ संपलेली नव्हती. मध्येच, भलत्याच जागी सनई गप्प झाली. गणूने चमकून पाहिलं. बापूंनी वायर घट्ट धरली. नगारखान्यात फक्त माझा सूर होता. बाबांचं डोकं जरासं डावीकडे कललं, हाक आली की माणूस कान देतो तेवढंच. ते मागे वळले नाहीत.

मी नवा श्वास घेतला आणि सूर धरून राहिले. पुन्हा छाती भरली. पुन्हा टाकली. फुस्.

तेव्हा त्यांनी सनई वर उचलली आणि ओळ जिथे सोडली होती तिथूनच पुढे लांबवत नेली. इतकी लांब ओळ मी त्यांच्याकडून ऐकली नव्हती. मध्ये कुठेही ते पाय चाचपडत नव्हते. ओळीमागे माझा सूर आहे की नाही हे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. ते पुढे गेले, वर गेले, श्वासासाठी थांबले तेव्हा खुशाल थांबले, आणि त्या थांबलेल्या जागेत मी होते. गणूने ढोलावर ठेका धरला. खाली लोक बोलायचे थांबले होते की माझ्या कानांना ऐकू येत नव्हतं, मला माहीत नाही. माझं लक्ष दोनच गोष्टींवर होतं. गाल आणि नाक. टाक, घे. टाक, घे.

शेवटचा दिवा दीपमाळेच्या अगदी टोकाला असतो. तो लागला तेव्हा खालून भैरीच्या नावाचा गजर झाला. बाबांनी शेवटची ओळ जमिनीवर आणून ठेवावी तशी सावकाश संपवली आणि सनई तोंडातून काढली.

गणू थांबला. मी थांबले नाही. हात टेकला नव्हता.

बाबांनी पुढ्यातली लाल घडी उचलली. मला वाटलं, आता सनई गुंडाळतील आणि खाली उतरतील. त्यांनी घडी उलगडली, तिच्या टोकाने सनईची ओली पत्ती पुसली, मग स्वतःचं तोंड पुसलं, मान पुसली आणि ते फडकं कमरेला खोचलं.

कोपऱ्यातून बापू म्हणाले, "अरे भिकाजी, उष्टं केलंस ते! आता पायरीवर कशात ठेवशील?"

बाबांनी उजवा हात पुढे केला, जमिनीच्या वर वीतभर, तळवा खाली. मी त्या हाताकडे बघत होते. छाती भरली होती.

फुस्.

हात तिथेच राहिला. बाबांनी डोळे मिटले होते. खाली लोक माना वर करून बघू लागले होते, सनई थांबली आणि सूर का चालू आहे म्हणून. बापूंनी तोंड उघडलं आणि गणूने त्यांना हाताने गप्प केलं.

हात खाली येत नव्हता. डोकं डावीकडे कललेलं होतं, पुढच्या श्वासाची वाट बघत.

मला घाई नव्हती. मी हवा टाकली आणि नवी घेतली.